सुजणं आणि भरणं

नोव्हेंबरमधला दुसरा मंगळवार. कारागृहातल्या शाळेची खोली.

हजर: नवे जेलर साहेब, डॉक्टर मॅडम, बंद्यांचे दोन प्रतिनिधी (त्यांतला एक विलास) आणि शिक्षणवर्गाच्या वतीने मी. गैरहजर: सुदाम वस्ताद.

खरं तर सुदामचं नाव त्या यादीत असायचं काही कारण नव्हतं. पावसाळ्याच्या आधीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. एका जुन्या बैठकीची यादी समोर ठेवून नवी लिहिताना त्याचं नाव उतरवलं गेलं आणि मग मी ते खोडलं नाही. नव्या साहेबांनी त्यावर पेन टेकवून विचारलं, "हे वस्ताद कोण?"

"इथलाच बंदी होता. व्यायामाचा वर्ग घ्यायचा."

"बरं," म्हणून साहेब पुढच्या मुद्द्याकडे वळले. मला अजून बरंच सांगायचं होतं. बैठकीत ते राहून गेलं, म्हणून इथे लिहिते.

सुदाम सिन्नरचा. औद्योगिक वसाहतीजवळ त्याची जिम होती. पहिली शिफ्ट सुटली की कंपन्यांतली पोरं तिथे यायची आणि सुदामसारखे दंड पाहिजेत म्हणायची. सुदामचे दंड मात्र इंजेक्शनांचे होते आणि तो ते लपवायचाही नाही. एकदा जिमच्या दारात गाडी लावण्यावरून भांडण झालं. त्याने समोरच्या माणसाला एकच धक्का दिला. माणूस कट्ट्यावर डोकं आपटून पडला आणि गेला. कोर्टात वकील म्हणाले, इंजेक्शनांनी डोकं फिरलं होतं असं सांगू या, शिक्षा कमी होईल. सुदाम तयार झाला नाही.

मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "राग माझा होता, बाई. औषधाचा नव्हता. औषधानं त्याला फक्त खांदे दिले."

तो मला 'बाई' म्हणायचा. बाकी सगळे 'मॅडम'. नववीत शाळा सुटली तेव्हा वर्गावर ज्या होत्या त्यांना तो बाई म्हणायचा, आणि शाळा म्हटली की त्याच्या तोंडात तोच शब्द यायचा. माझ्या याद्यांची त्याला फार गंमत वाटायची. "बाईंच्या यादीत यमाचं पण नाव आसंल," तो पोरांना सांगायचा, "आणि उशिरा आला तर त्यालाबी विचारतील, का रे बाबा, कुठं होतास?"

आमची ओळख झाली ती माझ्या एका फसलेल्या तासामुळे. मी तिथे साक्षरतेचा वर्ग घ्यायची. मग 'स्टेरॉइडविषयी जागृती' हाही विषय घ्या, असं वरून आलं. बराकींमध्ये अंगाने 'भरायच्या गोळ्या' फिरतात, असं डॉक्टर मॅडमच्या लक्षात आलं होतं. मी हृदयाचे, यकृताचे तक्ते घेऊन गेले, मुद्दे क्रमाने मांडले. पुढच्या रांगेतले तिघे बसल्या बसल्या झोपले. सुदाम मागे उभा होता. तास संपल्यावर म्हणाला, "बाई, पुढच्या बारीला मी सांगू का? माझ्याकडं फोटो हाये."

फोटो त्याच्या भावाने मुलाकातीला आणला होता, रीतसर तपासून आत आलेला. कुठल्याशा स्पर्धेतला. अंगाला तेल, हातात कप, मानेच्या शिरा दोरीसारख्या. सुदामने तो वर्गात धरला आणि म्हणाला, "हा मी. ह्या फोटोतल्या माणसाचं काळीज तेव्हाच सुजलेलं होतं. आता डॉक्टर मॅडम मला सकाळ-संध्याकाळ गोळ्या देतात." वर्गातून जोरात शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, कोणती कंपनी?" सगळे हसले. पण फोटो हातोहात फिरत होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता.

संध्याकाळी त्याचं तोंड पडलं होतं. "चूक झाली, बाई. मी जाहिरात करून आलो."

दुसऱ्या दिवसापासून तो पूर्ण बाह्यांचा, ढगळा शर्ट घालायला लागला. भर उन्हाळ्यातही. यार्डाच्या एका खिडकीच्या काचेत पोरं येता-जाता स्वतःला बघायची, दंड फुगवून. तिच्यावर त्याने शिपायाला विचारून गोणपाट लावलं. "इथं आरसा नाय," म्हणायचा. "आरसा बघून केलेला व्यायाम लोकांसाठी आसतो."

वर्गाची पद्धत आम्ही दोघांनी मिळून बसवली. सकाळी लिंबाच्या झाडाखाली व्यायाम, लगेच वर शाळेत तास. वजनं नाहीत, पट्टे नाहीत. जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि धावणं. धावून आल्यावर प्रत्येकाने मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची आणि ती स्वतःच्या हाताने पाटीवर लिहायची. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते आकडे त्याच पाटीवर शिकले. मी शरीराचा तक्ता लावायची आणि सुदाम त्याच्यावर बोट ठेवून विचारायचा, "हे काय करतं? आणि गोळी घेतल्यावर काय करतं?" त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी गाल पुढे करून म्हणालं, वस्ताद, भरलो का, की तो म्हणायचा, "सुजलं म्हंजे भरलं नाय."

शाळेची खोली वरच्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर तुरुंगाच्या नियमांचा फलक आहे. सुदाम रोज तिथे थांबून तो वाचायचा. मला वाटायचं, याला वाचनाची गोडी लागली. मी तसं डॉक्टर मॅडमना कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "वाचत नाही हो तो. त्याला दम लागतो."

मी त्याला बोलले तर हसला. "नियम तोंडपाठ हायेत, बाई. पण त्यात दम कसा घ्यायचा ते नाय लिहिलेलं. पोरांसमोर टेकलो तर म्हणतील, व्यायामानं ह्याचं हे झालं, तर आपलं काय."

गोळ्या कुठून यायच्या, हे कळायला मात्र वेळ लागला. आम्ही बाहेरून येणाऱ्या वस्तूंवर डोळा ठेवून होतो. त्या येत होत्या आतूनच. नामदेव काका नावाचे एक म्हातारे बंदी होते, त्यांना दमा. दम्याच्या त्यांच्या औषधात स्टेरॉइडची गोळी असायची. काका ती जिभेखाली धरायचे आणि नंतर कॅन्टीनच्या बिस्किटांच्या बदल्यात देऊन टाकायचे. सुदामची इंजेक्शनं वेगळी आणि ही गोळी वेगळी, एक दंड फुगवतं, दुसरी गाल. पण बराकीत दोन्हीचं नाव एकच. काका स्वतः रात्रभर खोकायचे आणि त्यांची गोळी घेणारे सकाळी गाल चाचपून बघायचे.

आणि गाल कशासाठी, हे मला सुदामने समजावलं. मला वाटत होतं, दादागिरीसाठी. काहींचं तसं होतंही. "पण बाकीचे मुलाकातीसाठी घेतात, बाई. काचेच्या पल्याड आई बसती. फोन कानाला लावायच्या आधी तोंड बघती. तोंड उतरलेलं दिसलं की तिथंच रडाय लागती. मग फोनवर बोलायचं काय? सगळा वेळ रडण्यात जातो. गाल वर आलेले दिसले तर ती हसती. एवढ्यासाठी."

यावर त्याने उपाय काढला तो कुठल्याही तक्त्यात बसणारा नव्हता. त्याने तासाला मुलाकातीची तालीम सुरू केली. स्वतः डोक्यावर टॉवेलचा पदर घ्यायचा, हाताची मूठ फोनसारखी कानाला लावायचा आणि समोर बसलेल्याची आई व्हायचा.

"काय रं हे? हाडं दिसाय लागली माझ्या लेकराची! जेवाय देत्यात का नाय?"

"देत्यात, आये."

"मंग खातो कोण, शिपाई?"

वर्ग हसून लोळायचा. दारातला शिपाईही हसायचा. सुदाम पदर सावरून परत सुरू. समोरच्याने न चिडता, न रडता सांगायचं: आई, मी बारीक आहे पण बरा आहे. सकाळी धावतो. नाडी चांगली आहे. झोप लागते. हे वाक्य प्रत्येकाने आपल्या बोलीत बसवायचं आणि पाठ करायचं. एकाने फारच पुस्तकी म्हटलं, तर सुदाम-आई म्हणाली, "हा माझा पोरगा नव्हंच. तुम्ही दुसराच आणून बशिवला." पदरातून त्याच्या मिशा दिसायच्या. माझ्या वर्गात इतकी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती.

विलास या वर्गातला सगळ्यात हुशार. नांदगावकडचा, तिशीचा, घरात एकटी आई. शिक्षा मारामारीची. त्याने वाक्य सगळ्यात चांगलं पाठ केलं होतं आणि सुदामने त्याला तालमीत 'पैलवान' म्हणून पुढे बसवलं होतं.

मग शिक्षा झालेल्यांच्या घरच्यांना आत हॉलमध्ये भेटायला बोलावण्याचा कार्यक्रम झाला. काच नाही, फोन नाही. कोण आलं, कुणाचं कोण, हे बघायला मी दारात होते. विलासची आई पहाटेच निघालेली, हातात पिशवी, पिशवीत तळाशी जपून ठेवलेले लाडू. तिने विलासचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिचा चेहरा उजळला. कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"कसा भरला! गोल झालं तोंड. मागच्या टायमाला नुसता खंगला होता." मग सुदामकडे वळून, "तुमीच का वस्ताद? लय उपकार झाले बाबा. तुमच्या व्यायामानं माझं लेकरू भरलं."

सुदामने विलासच्या तोंडाकडे बघितलं. मीही बघितलं. रोज दिसणारा माणूस, त्यामुळे आमच्या दोघांच्या लक्षात आलंच नव्हतं. गाल तुळतुळीत, डोळे बारीक झालेले, मानेमागे गादी. सुदाम तिथेच उकिडवा बसला. "पाय दाखव." त्याने विलासच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हे भरलेलं नाय. सुजलेलं हाये."

विलासच्या आईचा हात थांबला. "काय बोलता? तुमचीच नजर लागंल माझ्या पोराला. चांगलं दिसतंय ते बघवत नाय का?"

"आये, जाऊ दे ना," विलास म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता.

त्या दिवशी सुदाम जेवला नाही, असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लिंबाखाली सगळ्यांना उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. तालमीत घेतात तशी, माती कपाळाला लावून. ज्याच्याकडे जे असेल ते आत्ता गटारीत टाका, कोणी टाकलं ते मी बघणार नाही, म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. सगळ्यांनी टाकलं. विलासने सगळ्यांत आधी. वर आल्यावर सुदामचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसला. "लिहा बाई यादीत. झालं काम."

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या गिनतीच्या रांगेत विलास कोसळला. आदल्या दिवसापासून उलट्या, चक्कर. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब जेमतेम लागत होता. डॉक्टर मॅडमनी सलाइन लावलं आणि त्यातून औषध दिलं. तो शुद्धीवर आला तेव्हा त्यांनी सुदामला आणि मला बोलावून सांगितलं. कितीतरी महिने गोळीतून बाहेरून मिळत राहिलं की शरीर तेच द्रव्य स्वतः बनवणं बंद करतं. मग एकदम तोडलं की आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. हे हळूहळू उतरवावं लागतं आणि तेही डॉक्टरच्या नजरेखाली.

"सलाइनमधून काय दिलं?" सुदामने विचारलं.

"तेच. स्टेरॉइड."

सुदाम भिंतीला टेकला. "म्हंजे ज्याची शपथ घातली तेच टोचून जगवलं. मी पोरगं घालवलं आसतं, मॅडम."

"शपथेत काही वाईट नव्हतं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पण त्याने आधी मला सांगायला हवं होतं."

"कसं सांगंल? सांगितलं की शिक्षा."

आणि तेच झालं. विलास बरा झाल्यावर चौकशी लागली. त्याचं कॅन्टीन बंद झालं आणि चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून मिळणारी सूट कापली गेली, म्हणजे आईकडे जायचा दिवस लांबला. काकांना आता शिपायासमोर गोळी गिळावी लागते, ते योग्यच झालं. पण बराकींनी या सगळ्यातून एकच धडा घेतला: सांगायचं नाही. जे आधीपासून गोळ्यांवर होते ते तोंड मिटून बसले. कुणी एकदम बंद केली असेल, कुणी दुसरीकडून मिळवत असेल. पुढचा कोण कोसळणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. सुदाम सकाळी व्यायामाला जोर मारून घ्यायचं सोडून एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरायचा.

महिन्याच्या बैठकीत त्याने विषय काढला. तो बंद्यांचा प्रतिनिधी होता, पण खुर्ची दिली तरी बसायचा नाही. उभ्यानेच म्हणाला, "साहेब, जो स्वतःहून डॉक्टर मॅडमना येऊन सांगंल, त्याला शिक्षा नको. सूट कापू नका. एवढंच पाहिजे."

तेव्हाचे साहेब म्हणाले, "म्हणजे आधी गुन्हा करायचा, मग येऊन सांगायचं आणि सुटायचं?"

"सुटायचं कुठं साहेब? हितंच हायेत की सगळे."

साहेबांनाही हसू आवरलं नाही. डॉक्टर मॅडमनी अडचण नीट मांडली: औषध द्यायचं तर केसपेपरवर लिहावं लागतं, लिहिलं की ते ऑफिसला दिसतं आणि न लिहिता मी औषध देऊ शकत नाही. साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. केसपेपर औषधापुरताच बघायचा, असं मी सांगून ठेवतो. मी आहे तोवर कुणाला हात लागणार नाही."

मी लिहून घेतलं. जिना उतरताना सुदाम फलकापाशी थांबला. या वेळी वाचण्याचं सोंग केलं नाही. छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब माणूस चांगला हाये. पण साहेब बदलतात, बाई. कागद करून घ्या."

"आदेशाचा मसुदा आजच देते."

"तुमच्या यादीत वरती घाला. खाली घातलं की राहतं."

त्या तोंडी शब्दावर माणसं यायला लागली. आधी व्यायामानंतर सुदामजवळ रेंगाळायची. तो काही विचारायचा नाही. खांद्यावर हात टाकून दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायचा आणि बाहेर थांबायचा. काही जणांची गोळी अशी हळूहळू उतरली. विलासचीही. त्याचे गाल ओसरले, तोंड पुन्हा लांबट दिसायला लागलं. आईच्या मुलाकातीला जाताना त्याने सुदामला विचारलं, "वस्ताद, वाक्य बरोबर हाय ना?" आणि परत आल्यावर सांगितलं, "रडली. पण शेवटी म्हणाली, नाडी किती म्हनला?"

या सगळ्यात सुदाम स्वतः मात्र आटत गेला. इंजेक्शनांचे दंड केव्हाच गेले होते, आता शर्ट नुसता लटकायचा. नवीन आलेला एक दांडगट यार्डात मोठ्याने म्हणाला, "हा काय शिकवणार? ह्याचेच दंड गेले." सुदामने पहिल्यांदाच बाही वर केली आणि सगळ्यांना हात दाखवला. "गेले. बरं झालं. लय खायचे."

मे महिन्यात त्याचे पाय सुजायला लागले. इथे हृदयाचे उपचार होईनात, म्हणून मोठं रुग्णालय जवळ असलेल्या दुसऱ्या तुरुंगात त्याला हलवायचं ठरलं. मला आधी कळलं नव्हतं. सकाळी द्वारका चौकाच्या गर्दीतून स्कूटर काढून मी गेटवर पोचले, तर पोलिसांची गाडी उभी आणि सुदाम हातात कापडी पिशवी घेऊन गेटवरचा फलक वाचत उभा.

"हितं पण तेच नियम हायेत, बाई," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "कागद झाला?"

"मसुदा ऑफिसात आहे. सहीला गेलाय."

"हां," म्हणाला. गाडीची पायरी उंच होती. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला, एक पाय ठेवला आणि थांबला. एका शिपायाने मागून हात लावला तेव्हा तो वर गेला. शर्टाची बाही कोपरापर्यंत घसरली. आत बसल्यावर त्याने जाळीतून दोन बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवून दाखवली, वर्गात नाडी मोजताना ठेवायचा तशी, आणि मान हलवली. बरं आहे, की मोजत राहा, यांतलं काय ते मला कळलं नाही. गाडी वळली. त्यानंतर त्याच्याविषयी काही समजलेलं नाही.

दिवाळीआधी साहेबांची बदली झाली. म्हणून आजच्या बैठकीत मी पहिलाच मुद्दा तो ठेवला होता. नव्या साहेबांनी फाइल चाळली. "असा काही आदेश दिसत नाही."

"तोंडी होता," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मसुदा फाइलमध्येच आहे."

"मसुदा आहे, सही नाही. मला वर विचारावं लागेल. तोवर नियमाप्रमाणे." वाईट माणूस नाही. नवा आहे. वही मिटून ते राउंडला गेले, डॉक्टर मॅडम दवाखान्यात गेल्या.

मी तक्ते गुंडाळत होते. विलास अजून तिथेच होता. आता सकाळचा व्यायाम तो घेतो.

"मॅडम, खाली जिन्यावर एक जण उभा हाय. सुरगाण्याकडचा. लय दिवसांपासून घेतोय म्हणतो. सांगायला तयार झालाय, मी आणलाय त्याला." त्याने आवाज खाली आणला. "वस्तादनी शब्द दिला होता, सांगितलं तर शिक्षा नाय. तो अजून चालतो ना?"

मी जिन्याकडे बघितलं. मधल्या टप्प्यावर, फलकाला पाठ लावून, गोल तोंडाचा एक माणूस उभा होता आणि वर बघत होता.

कार्यवृत्ताच्या शेवटी, शिल्लक कामांत, सगळ्यांत वर लिहिलं आहे: स्वतःहून सांगणाऱ्यास शिक्षा नाही — लेखी आदेश — सही बाकी.